मदत हवी आहे: जुनं बिल अडकलंय, त्याच कंपनीची नवी ऑर्डर घेऊ का? (वारली चित्रांचा घरगुती धंदा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय.

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचा वारली चित्रांचा छोटा धंदा आहे. आम्ही स्वतः वारली. मी, बायको, दोन वहिन्या, आत्या आणि भाचा असे सहा जण चित्रं काढतो. बिलं, कुरिअर, फोन माझ्याकडे. गेल्या वर्षी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) केली.

मुंबईतल्या एका कंपनीला जानेवारीत कापडी फोल्डर आणि छोटे कॅनव्हास दिले. १,१८,००० चं बिल. ऑगस्ट अर्धा संपला, पैसे नाहीत. फोन केला की आधी "जीआरएन झाला नाही" (म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद), मग "व्हेंडर कोड ब्लॉक दिसतोय" (आमचा पुरवठादार नंबर), मग खरेदीच्या मॅडम रजेवर. आता त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागाची दिवाळीची ऑर्डर आलीय. ८ बाय १० इंचांचे ४०० कॅनव्हास, नग ३५० रुपयांना, १० ऑक्टोबरपर्यंत पोच. पैसे माल मिळाल्यावर ९० दिवसांनी. आगाऊ काही नाही.

माझा हिशोब असा: चित्र काढणाऱ्याला नगाला २०० (८०,०००), कॅनव्हास, रंग, चौकट मिळून ६० (२४,०००), पॅकिंग-टेम्पो ६,०००. म्हणजे १,४०,००० च्या ऑर्डरीत १,१०,००० आधी माझ्या खिशातून जाणार. आणि खिसा जानेवारीपासून रिकामा आहे.

आगाऊ मागितलं तर मॅडम म्हणाल्या, "तुमची तर घरचीच माणसं आहेत ना, मजुरी कुठे द्यायची असते?" आता काय बोलणार! आत्याचं तेल-मीठ आठवडे बाजाराच्या दिवशी यायचं असतं, ९० दिवसांनी नाही.

वेळेचंही गणित आहे. तारप्याचा फेर, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं चित्र, त्यात चाळीस-पन्नास माणसं, एकेकाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. हात बसलेल्या बाईलाही अर्धा दिवस लागतो. सहा जण, दिवसाला बारा नग, म्हणजे ३४ दिवस. आवणी (भाताची लावणी) आत्ताच उरकलीय, आणि सप्टेंबरअखेर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापायला आलं की ब्रश कोणी धरणार नाही. (बरोबरच आहे, भात थांबत नाही.)

बँकेत गेलो होतो. साहेब चांगले बोलले, पण अडलं तारणावर. आमची जमीन आदिवासीची, परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. तो कायदा आमच्याच रक्षणासाठी आहे आणि हवाच, नाहीतर हायवेलगतची एक गुंठा उरली नसती. पण साहेब म्हणाले, "उद्या लिलावाची वेळ आली तर घेणार कोण?" दुसऱ्या एका योजनेत दोन नोकरदार जामीनदार मागितले. पाड्यावर नोकरदार एकच, तो आश्रमशाळेत शिपाई, आणि तो आधीच तिघांना जामीन आहे.

तर विचारायचंय हे: जुनं बिल कसं काढू? आणि ही ऑर्डर घेऊ की सोडू?

---

हिशेबनीस: दादा, पहिला प्रश्न, उद्यम नोंदणी जानेवारीच्या मालाआधीची आहे ना? असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. ऑर्डरीवर ९० दिवस छापले म्हणून ते चालत नाहीत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ.

सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते, ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी समिती) जाते. पण तिथे वेळ लागतो. त्याआधी खरेदीवाल्या मॅडमना सोडा आणि थेट अकाउंट्सला मेल टाका. बिल, डिलिव्हरी चलन, उद्यम प्रमाणपत्र जोडा आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) चा उल्लेख करा. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आलाय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना पैसे देतील त्याच वर्षी वजा धरता येतो, आधी नाही. खरेदी विभागाला तुमच्या आत्याच्या तेल-मिठाची फिकीर नसेल, पण अकाउंट्सला टॅक्सची असते. एक मात्र, हे संरक्षण उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. उद्यमवर तुमची नोंद उत्पादन म्हणूनच आहे ना ते बघा.

पाटपाणी: एवढी कला आहे तर ऑनलाइन का विकत नाही? मधला माणूस कशाला हवा?

धागाकर्ता: ताई, विकून पाहिलं. अकरा नग गेले, चार परत आले. एकाचं कारण "माती कलर फोटोपेक्षा डार्क आहे". परतीचं कुरिअर आमच्या माथी. आणि शेजारच्याच पानावर छापील "वारली" ७९ रुपयांना दिसतं, त्यातल्या बायांना चार-चार बोटं. वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण छापणाऱ्याला कोण विचारतो.

@हिशेबनीस काका, नोंदणी नोव्हेंबरची आहे, उत्पादन म्हणूनच. आजच मेल करतो.

तलासरीकर: जीआयचं लेबल लावायचं तर प्रत्येकाला स्वतःची "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंद करावी लागते, नुसतं वारली असून भागत नाही. आम्ही पाच जणांनी एकत्र अर्ज केला. त्याने छापील माल थांबला नाही, पण प्रदर्शनात भाव मिळतो.

ऑर्डरचं म्हणाल तर ४०० घेऊ नको भाऊ. मी २०१९ ला घेतली होती, बायकोची चांदी सोडवायला दोन वर्षं गेली. शंभर-शंभरचे टप्पे कर. पहिल्याचे पैसे आले तर दुसरा पाठव.

नर्मदेहर: तारणाचं: रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचंच नसतं. तुम्हाला लागतात लाख-दीड लाख. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या "किशोर" गटात अर्ज करा (५० हजार ते ५ लाख), आणि नकार दिला तर लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा नकार बदलतो.

धागाकर्ता: अपडेट. अकाउंट्सचा तिसऱ्या दिवशी फोन आला, पहिल्यांदाच त्यांनी केला! बिल पुन्हा मागवलं, "या महिन्यात बघतो" म्हणाले. जमा झाल्याशिवाय मी धरत नाही.

नव्या ऑर्डरवर १५० नग आणि अर्धे आगाऊ सांगितलं. तयार झाले, पण आता मॅडम म्हणतात, "१५० हाताने द्या, बाकीचे २५० आम्ही तुमच्याच चित्राचा स्कॅन घेऊन छापू." वर नमुना म्हणून लग्नचौक (लग्नात भिंतीवर काढायचा चौक) मागितलाय, आत आमच्या पालघाट देवीसकट. तो चौक सुवासिनींनी काढायचा, धवलेरीने (लग्न लावणारी बाई) गाऊन देवीला बोलवायचं. टेबलावरच्या गिफ्टवर तो नाही जाणार, आत्याने साफ सांगितलं. तारपा चालेल, शेती चालेल. पण स्कॅनला नाही कसं म्हणू? चित्र तर आमचंच ना?

काळाकोट: इथे सांभाळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे गप्प राहिलात तर हक्क कंपनीचा. काम सुरू करण्याआधी मेलवर लिहा: "कॉपीराइट चित्रकारांकडे राहील, ही विक्री फक्त हाताने काढलेल्या १५० नगांची आहे, स्कॅन वा छपाईला परवानगी नाही." आणि त्यांच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या. छापायचंच असेल तर नगामागे वेगळा दर ठरवा.

धागाकर्ता: वकीलसाहेब, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मेल जसाच्या तसा पाठवला, खाली छपाईचा दर नगाला ४० रुपये लिहिला. उत्तर आलं की इथे कळवतो. तोवर चौकटी ठोकायला घेतल्यात, १५० च्याच.