काइटसर्फिंग: काइट सुरक्षित कसा उडवायचा आणि उतरवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्याची. उत्तरायण झालं की धाकटा भाऊ आणि मी रामेश्वरमला काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकणं) शिकायला जाणार आहोत. शिकणार प्रशिक्षकाकडेच, पण तयारीनिशी जायचंय. गच्चीवर ढील देण्याचा अंदाज तिथे चालणार नाही. २० ते २४ मीटरच्या दोऱ्या आणि माणसाला उचलून फेकेल अशी ओढ!

वारा जमिनीकडून समुद्राकडे जाणारा नको, काइट वारा वाहतो त्या दिशेला थेट समोर नाही तर बाजूला धरून सोडायचा आणि पाण्याच्या बाजूने सावकाश वर न्यायचा, इतपत कळलंय.

अडतंय पुढे. भाऊ काइट धरून उभा असताना तो फडफडू लागला, तर कुणी सरकायचं, त्याने की मी? उतरवायचंय हे सांगायला डोक्यावर थोपटतात म्हणे. पण वारा अचानक वाढला आणि धरायला जवळ कुणीच नसेल, तर वाट न बघता क्विक रिलीज (काइटची ओढ झटकन सोडवणारी कळ) वापरावा का? त्याचा सराव घरी हार्नेस (काइट ज्याला अडकवतात तो अंगावरचा पट्टा) बांधून करता येईल का?

इथल्या मैदानावर लहान ट्रेनर काइट उडवून हात बसेल, की इमारतींमुळे तुटणाऱ्या वाऱ्यात चुकीच्या सवयी लागतील? भाऊ फार उतावळा आहे, मला त्याची खरंच काळजी वाटते. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.