‘श्वाब’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न

एका आजींच्या आठवणी मराठीत आणतेय. हातात मूळ जर्मन नाही, इंग्रजी मसुदा आहे. आजी हंगेरीत जन्मल्या, १९४६ साली घरदार सोडून त्यांना जर्मनीत यावं लागलं. मसुद्यात पानोपानी ‘आम्ही स्वाबियन’ असं येतं. मी बिनधास्त ‘स्वाबिया प्रांतातले’ लिहून मोकळी झाले आणि मग नकाशा उघडला. स्वाबिया नावाचं राज्य जर्मनीत नाहीच! शब्द कुठला, अर्थ कुठला, आणि मराठीत लिहू काय?

प्रतिसाद

स्टुटगार्टजवळ नऊ वर्षं राहतोय, म्हणून आधी उच्चार. माणूस ‘श्वाब’, मुलूख ‘श्वाबेन’, बोली ‘श्वेबिश’. इथले लोक स्वतःला ‘श्वोब’ म्हणतात. ‘स्वाबियन’ लॅटिनवरून इंग्रजीमार्गे आलंय, ते मराठीत आणायची गरज नाही.

नकाशाचं म्हणाल तर श्वाबेनची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, खरोखर होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचं होहेनश्टाउफेन घराणं इथलंच. १२६८ मध्ये त्या घराण्याच्या शेवटच्या वारसाचा, कोनराडीनचा, नेपल्समध्ये शिरच्छेद झाला आणि डची विरघळली. नाव मात्र राहिलं. आज श्वाब मंडळी दोन राज्यांत वाटली गेलीत: बाडेन-व्युर्टेंबर्गचा व्युर्टेंबर्गकडचा भाग, आणि बायर्नमधला (बव्हेरियातला) श्वाबेन हा जिल्हा (मुख्य शहर आउग्सबुर्ग). बाडेनच्या माणसाला चुकूनही श्वाब म्हणू नका. १९५२ साली राज्यं एक झाली, मनं अजून व्हायचीत. नागपूरकराला पुणेकर म्हणून बघा, तसं.

प्रतिसाद

व्युत्पत्ती गोड आहे. सीझर आणि रोमन इतिहासकार टॅसिटस ज्यांना ‘सुएबी’ म्हणतात त्यांचंच हे नाव. ती एक टोळी नव्हती, अनेक टोळ्यांचा गोतावळा होता. टॅसिटस म्हणतो, ते केस तिरके वळवून त्यांची गाठ बांधत. त्यातले काही ४०९ च्या सुमारास थेट स्पेन-पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात पोचले आणि ब्रागाला राजधानी करून ५८५ पर्यंत राज्य करून बसले.

बहुतेक भाषाअभ्यासक ‘सुएबी’चा संबंध ‘स्वतःचे, आपले’ या अर्थाच्या मुळाशी लावतात. आपल्या ‘स्व’चं मूळही तेच. म्हणजे श्वाब = स्वकीय, आपली माणसं. (श्वाब मूळचे संस्कृत बोलत होते असा फॉरवर्ड कृपया यावरून बनवू नये. दोन्ही भाषांचा पूर्वज एक, एवढंच.)

प्रश्नकर्ती

हे ‘स्व’ भारी आहे! पण हंगेरीतल्या आजी श्वाबेनच्या कशा?

प्रतिसाद

बहुधा नाहीतच, आणि खरी गंमत इथेच आहे. तुर्कांकडून हंगेरी आणि त्याला लागूनचा बनात हा मुलूख घेतल्यावर ओसाड पडलेली जमीन कसायला हाब्सबुर्ग राजघराण्याने अठराव्या शतकात जर्मन शेतकरी बोलावले. पुष्कळजण उल्म शहराच्या धक्क्यावरून डॅन्यूबमध्ये निघाले. होड्या फळ्या ठोकून केलेल्या, चपट्या, परत न येणाऱ्या: पोचल्यावर मोडून लाकूड विकायचं. उल्म श्वाबांचं शहर, पण होडीत बसणारे फाल्झचे, लोरेनचे, फ्रांकेनचे, कुठकुठले. हंगेरियनांनी सगळ्यांना एकच शिक्का मारला, ‘श्वाब’. तोच पुढे त्यांनीही स्वीकारला. ‘डॅन्यूबी श्वाब’ हे नाव तर १९२२ च्या आसपास अभ्यासकांनी पाडलेलं. त्यांच्यात एक म्हण आहे: पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकरी. तीन पिढ्यांचा हिशेब.

दुसऱ्या महायुद्धानंतर यांच्यावर हकालपट्टी आली. हंगेरीत ती जानेवारी १९४६ मध्ये सुरू झाली, तुमच्या आजींची तारीख बरोबर जुळते. २००९ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हेर्टा म्युलर याच समाजातल्या, रुमानियाच्या बनातमधल्या.

प्रतिसाद

म्हणजे मुंबईत एके काळी दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस ‘मद्रासी’ असायचा, तसं. ‘फिरंगी’ही त्याच जातीचा शब्द, फ्रँक लोकांवरून निघाला आणि पोर्तुगीज-इंग्रज सगळ्यांना चिकटला. फ्रेंच तर अख्ख्या जर्मनीला ‘आलमान्य’ म्हणतात, आलेमानी या श्वाबांच्याच भाऊबंदांवरून.

स्विसांकडे हा शब्द चक्क टोमणा आहे. १४९९ च्या लढाईला जर्मन ‘स्विस युद्ध’ म्हणत, स्विस ‘श्वाब युद्ध’ म्हणतात. जो तो भांडण समोरच्याच्या नावावर टाकतो. सर्बियनमध्ये ‘श्वाबा’ म्हणजे कुठलाही जर्मन, आणि झुरळाला ‘बुबाश्वाबा’! बुबा म्हणजे किडा. आजींना हे सांगू नका.

प्रतिसाद (पुन्हा स्टुटगार्टवाला)

बोलीबद्दल दोन शब्द, अनुवादाला उपयोगी पडतील. श्वेबिशमध्ये लाडाने ‘ले’ लावतात. हाउसचं ‘हॉइस्ले’, अगदी आपलं घरकुल. मग ते तीन मजली असलं तरी हॉइस्लेच. ‘श्पेट्स्ले’ म्हणजे शब्दशः चिमणुल्या, पण ताटात येतात त्या अंड्याच्या मऊ शेवया.

आणि आमच्या जिन्यातली पाटी. केरवोखं, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराला लटकते त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, आणि शनिवारी ती शेजारच्या दाराला अडकवायची. मी एकदा ‘जिना स्वच्छच आहे’ म्हणून नुसतीच पाटी पुढे सरकवली. रविवारी सकाळी ती परत माझ्या दारावर. बोलणं नाही, चिठ्ठी नाही. पुणेरी पाटी निदान काहीतरी सुनावते.

फसवे शब्दही आहेत. ‘टेपिश’ म्हणजे प्रमाण जर्मनमध्ये गालिचा, इथे पांघरायची घोंगडी. ‘फूस’ म्हणजे पुस्तकी जर्मनमध्ये पाऊल, इथे पार कमरेपर्यंत. सहकाऱ्याने ‘फूस मोडला’ म्हणून कळवलं, मी भेटायला गेलो आणि बुटांकडे बघत राहिलो. प्लास्टर मांडीपर्यंत होतं.

प्रश्नकर्ती

ठरलं. आजींच्या तोंडी नुसतं ‘आम्ही श्वाब’, पहिल्या उल्लेखाला ‘डॅन्यूबकाठचे’ जोडते, आणि ‘स्वाबिया प्रांत’ सगळीकडून काढते.

त्या ‘फूस’ने मात्र दचकले. मसुद्यात आजींचा भाऊ गाडीतून उतरताना पडतो आणि त्याचं पाऊल मोडतं असं आहे, पण दोनच ओळींनंतर त्याला गुडघा वाकवता येत नाही. मी दोनदा वाचून पुढे गेले होते. बोली श्वेबिश नसली तरी ‘फूस’ तिथेही लांब असू शकतो का?

प्रतिसाद

असू शकतो. त्या होडीवाल्यांच्या फाल्झकडेही तो कमरेपर्यंतच जातो. ‘पाय’ लिहा, मराठीत दोन्ही भागतं.