हिमसेल्फ कधी रिफ्लेक्झिव्ह, कधी एम्फॅटिक? मदत हवी आहे

कवडसा: इंग्रजी सर्वनामांचे सगळे प्रकार पाठ आहेत, तरी सराव चाचणीत हा प्रश्न चुकतोच. मी रिफ्लेक्झिव्ह (आत्मवाचक) लिहिलं, उत्तरसूचीत एम्फॅटिक (जोर देणारं). शब्द तर तोच आहे! परवा परीक्षा आहे, लवकर सांगा.

खडूफळा: वाक्य कुठाय? त्याशिवाय काय सांगणार?

रानवारा: प्रकार पाठ करूच नका. रोज इंग्रजी वाचत जा, आपोआप जमतं. माझं तसंच झालं.

निशिगंध: रानवारा, परीक्षेत प्रकारच विचारतात हो. नुसतं वाचून 'दॅट' कुठे दर्शक आणि कुठे संबंधी हे लिहिता येत नाही.

रानवारा: भाषा येणं महत्त्वाचं की नावं?

कवडसा: वाद नंतर घाला ना. वाक्य हे: 'द मॅनेजर हिमसेल्फ ओपन्ड द डोअर.'

खडूफळा: हिमसेल्फवर बोट ठेवून वाचा. 'द मॅनेजर ओपन्ड द डोअर.' काही अडलं नाही, म्हणजे तो शब्द नुसता जोर द्यायला आलाय. एम्फॅटिक. आता 'द मॅनेजर ब्लेम्ड हिमसेल्फ' घ्या. बोट ठेवलं की दोष कोणाला दिला तेच कळत नाही, कर्मच गेलं. ते रिफ्लेक्झिव्ह. मराठीत पाहा, 'स्वतः उघडलं' आणि 'स्वतःला दोष दिला'. मी मुलांना हा 'ला' शोधायला सांगते.

निशिगंध: 'ही एन्जॉइड हिमसेल्फ'चं मराठी करताना 'ला' येतच नाही, आणि आहे मात्र रिफ्लेक्झिव्ह. बोट ठेवायची युक्तीच खरी.

खडूफळा: हो, तिथे 'ला' उपयोगाचा नाही. बोटच ठेवा.

पाटीपेन्सिल: 'ईच अदर' दोघांसाठी, 'वन अनदर' दोनपेक्षा जास्त जणांसाठी. हे कराच, हमखास येतं.

निशिगंध: हे कोणी विचारलंय? शिवाय बरेच व्याकरणकार आता हा भेद मानत नाहीत.

पाटीपेन्सिल: उत्तरसूची मानते ना, मग झालं.

कवडसा: बोट ठेवून पाहिलं, जमतंय. पण 'शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ'? हरसेल्फ झाकलं तर 'बाय' लटकतं.

खडूफळा: लटकतं म्हणूनच एम्फॅटिक नाही. ते 'बाय'चं कर्म आहे, रिफ्लेक्झिव्ह लिहा. अर्थ 'एकटी'. आणि एम्फॅटिक शब्द वाक्याच्या शेवटीही जातो: 'द मॅनेजर ओपन्ड द डोअर हिमसेल्फ.' प्रकार तोच राहतो. क्रियापदानंतर आलं म्हणून रिफ्लेक्झिव्ह लिहून मोकळे होऊ नका, गुण तिथेच जातात.

कवडसा: ओके. आता 'माय' आणि 'माइन'चं सांगा, त्यातही घोळ होतोय.

निशिगंध: वाक्यासकट टाका.