सायकलवर फिरणारे मिशनरी आणि फुकट इंग्रजी वर्ग: त्यांचा आठवडा कसा असतो?

निशिकासाईकर (प्रश्न)

आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात राहतो. स्टेशनबाहेर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावाची पाटी अशा वेशात दोन अमेरिकन मुलं असतात. विशीच्या आसपासची, जपानी बरं बोलणारी. पाटीवर 'एल्डर' आणि आडनाव. त्यांच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग चालतो, असं पत्रक त्यांनी दिलं. बायकोच्या जपानी मैत्रिणीला वर्गाला जायचं आहे, आणि आम्हाला या मुलांना एकदा घरी जेवायला बोलवायचं आहे. धर्म बदलण्याचा विचार अजिबात नाही. त्यांचा आठवडा कसा आखलेला असतो? जेवायला कोणता वार, कोणती वेळ सोयीची? काय चालत नाही? वर्गात धर्म किती येतो? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

---

दूरदेशी

वर्णनावरून हे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांचे मिशनरी. 'एल्डर' हे नाव नाही, पदवी आहे; मुलींच्या पाटीवर 'सिस्टर' असतं. मिशनवर असेपर्यंत एकमेकांनाही ते पदवी आणि आडनावानेच हाक मारतात, तेव्हा तुम्हीही तसंच म्हणा. मुलांचा काळ २ वर्षांचा, मुलींचा १८ महिन्यांचा. २०१२ साली मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ केलं, त्यामुळे शाळा संपवून थेट आलेली मुलं बरीच दिसतात. पगार नसतो. अमेरिकेतल्या मिशनऱ्याच्या घरचे दरमहा ठरावीक रक्कम भरतात. जुलै २०२० पासून ती ४०० डॉलरची ५०० झाली. देश स्वस्त असो वा महाग, रक्कम तीच. राहायची जागा मिशन (चर्चचं त्या भागातलं मिशनरी कार्यालय) बघतं आणि खाण्यापिण्या-प्रवासासाठी महिन्याला मोजके पैसे देतं. महिनाअखेरीला बरेचजण भात आणि अंड्यांवर भागवतात, म्हणून जेवणाचं आमंत्रण त्यांच्या खरंच उपयोगी पडतं.

आता आठवडा. रोज साधारण साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी. मग एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, त्यानंतर जोडीदाराबरोबर (ते कायम दोघे-दोघे असतात) अभ्यास, आणि अर्धा ते एक तास भाषा. दहा-साडेदहाच्या सुमारास बाहेर पडतात. रात्री नऊपर्यंत घरी, कुठे शिकवणं चालू असेल तर साडेनऊ. उद्याचं नियोजन करून साडेदहाला दिवे बंद. मिशननुसार वेळा थोड्या पुढेमागे होतात.

सोमवार बहुधा 'तयारीचा दिवस'. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घर झाडणं आणि घरच्यांशी बोलणं हे सगळं त्या एका दिवसात, तेही संध्याकाळी सहापर्यंत. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो. अमेरिका घड्याळात मागे असल्याने जपानमधून हा फोन बहुधा सकाळीच होतो. सोमवारी दिवसा बोलावलंत तर त्यांचा कपड्यांचा आणि घरच्या फोनचा वेळ जातो, म्हणून तो दिवस सोडा.

आठवड्यातून एकदा आसपासच्या जोड्यांची सकाळची बैठक असते, बहुतेक ठिकाणी मंगळवारी. शिवाय एकदा दोनेक तास बसून पुढचा आठवडा आखतात: कोण शिकतंय, कोणाला पुन्हा भेटायचं, कोणाला चर्चमध्ये कोण आणणार. रविवारी दोन तासांची प्रार्थनासभा. २०१९ च्या आधी ती तीन तासांची असे.

सर्वांत कडक नियम जोडीचा. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. जोडीदार ते निवडत नाहीत, मिशन अध्यक्ष ठरवतात. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात आणि ज्याची बदली होते त्याला दोन-चार दिवसांत सामान बांधून दुसऱ्या गावी जायचं असतं. फोन मात्र त्या भागाचा असतो. नंबर तोच राहतो, उचलणारा बदलतो. आमंत्रण दोन महिने आधी देऊ नका. दिलंत तर आदल्या दिवशी पुन्हा विचारा, कारण नव्या मुलाला निरोप मिळालेला नसण्याची शक्यता बरीच असते.

---

पाटीपेन्सिल

इंग्रजी वर्गाबद्दल. जपानमध्ये अशा वर्गाला 'एइकाइवा' म्हणतात आणि या चर्चच्या बऱ्याच शाखांत तो चालतो. संध्याकाळी किंवा शनिवारी, तास-दीड तास, येणाऱ्यांचे पातळीनुसार दोन-तीन गट. सुरुवातीला गप्पा, मग एखादा विषय (प्रवास, डॉक्टरकडे जाणं, हवामान), दहा-पंधरा शब्द, जोड्या करून बोलणं. शेवटी काही मिनिटांचा धार्मिक विचार किंवा प्रार्थना. तेवढ्यापुरतं थांबायचं नसेल तर आधी सांगून निघता येतं, कोणी अडवत नाही. एरवी धर्म मध्ये आणायचा नाही असा संकेत आहे.

अपेक्षा नीट ठेवा. ही मुलं प्रशिक्षित शिक्षक नाहीत. उच्चार, ऐकण्याची सवय, बोलायची भीड मोडणं यासाठी वर्ग उत्तम. व्याकरण किंवा तोएइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी उपयोग कमी, कारण 'इथे द का आणि अ का नाही' याचं उत्तर 'आम्ही असंच बोलतो' एवढंच मिळतं. दुसरी अडचण बदल्यांची. शिक्षक बदलला की वर्ग पुन्हा 'माझं नाव अमुक'पासून सुरू होतो. मैत्रिणीने कुठपर्यंत झालं याची स्वतःची वही ठेवावी आणि नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी दाखवावी. फी देऊ नये, ते घेत नाहीत. पैसे घेऊन खासगी शिकवणीही करत नाहीत.

त्यांच्या जपानीबद्दलही सांगतो, कारण 'बरं बोलतात' हे अर्धंच खरं असतं. अमेरिकेत प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात जपानीसाठी साधारण नऊ आठवडे मिळतात. तिथे पहिला भर प्रार्थना, ओळख आणि धर्माच्या शब्दांवर. त्यामुळे 'पश्चात्ताप'ला जपानी शब्द तोंडावर असतो, पण नळ गळतोय हे सांगता येत नाही. बोलणं आधी येतं, समोरच्याचं उत्तर कळायला खूप महिने जातात. हळू आणि छोट्या वाक्यांत बोला. या चिकाटीची परंपरा मात्र जुनी आहे. १९०१ मध्ये चर्चचे नेते हीबर ग्रँट यांच्याबरोबर जपानला आलेल्या पहिल्या चौघांत आल्मा टेलर हा १९ वर्षांचा मुलगा होता. त्याने मॉर्मन ग्रंथाचं (या चर्चच्या धर्मग्रंथाचं) जपानी भाषांतर केलं आणि ते १९०९ मध्ये छापलं गेलं.

---

ताकभात

जेवणाचं मी सांगते. पहिली गोष्ट, चहा विचारू नका. दार उघडताच आपल्या तोंडून तोच शब्द निघतो, पण चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहे. जपानी हिरवा चहासुद्धा चहातच धरतात. माच्चा (हिरव्या चहाची पूड) किंवा कॉफी घातलेली मिठाई टाळा. मुगीचा (जवाचं पेय) चालतं. ताक, कोकम सरबत, पन्हं, मसाला दूध उत्तम.

मांस-मासे-अंडी चालतात, शाकाहारीही चालतं. तिखट नेहमीच्या एक तृतीयांश करा आणि ठेचा वेगळा ठेवा. वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी, पोळ्या, कोशिंबीर, श्रीखंड, एवढं पुष्कळ झालं. सायकल चालवून आलेली मुलं असतात, पोळ्या माणशी सहा धरा. शेंगदाण्याचं कूट सगळ्यात घालायची आपली सवय, म्हणून ॲलर्जी आहे का ते फोनवरच विचारा. जेवणाला तासाभरापेक्षा जास्त वेळ ते काढत नाहीत. आले की गप्पांत अर्धा तास घालवून मग पोळ्या लाटायला घेतल्या तर उपाशी परत जातील. ताटं मांडूनच दार उघडा.

महिन्याचा पहिला रविवार त्यांचा उपवासाचा. सलग दोन जेवणं सोडतात, पाणीही घेत नाहीत. त्या दुपारी बोलावू नका. आणि कोणत्याच रविवारी हॉटेलात नेऊ नका, त्या दिवशी ते खरेदी करत नाहीत.

---

निशिकासाईकर

फार उपयोगी माहिती, आभार. दुपारी मी ऑफिसात असतो. त्या वेळी घरी आले तर? आणि 'एक छोटा संदेश देऊ का' म्हणाले तर?

---

दूरदेशी

घरात बाई एकटीच असेल तर मुलगे आत येणार नाहीत, दारातूनच बोलतील. आत येण्यासाठी एखादा प्रौढ पुरुष घरी हवा. हा नियम उलट बाजूने सिस्टरनाही लागू आहे. वहिनींना दुपारीच बोलवायचं असेल तर सिस्टरची जोडी मागा. मुलांना 'जरा बाळाकडे बघा' म्हणून सोडून जाऊ नका, तेही त्यांना मना आहे.

संदेश म्हणजे जेवणानंतर पाचेक मिनिटं, एखादा उतारा आणि प्रार्थना. 'शिकवायला येऊ' म्हणाले तर मात्र ते वेगळं. तो क्रमाने चालणारा अभ्यास आहे: आधी चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ आणि चर्चची पुनःस्थापना, मग जन्मापूर्वी आणि मृत्यूनंतर काय, मग श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा. प्रत्येक भेटीच्या शेवटी एक विनंती येते: एवढी पानं वाचा, प्रार्थना करून विचारा, रविवारी या. इथेच घोटाळा होतो. आपण भिडेखातर 'बघू, वाचतो' म्हणतो आणि ते वहीत तारखेसह होकार म्हणून लिहितात. पुढच्या आठवड्यात त्याचीच चौकशी होते आणि त्यांचा एक तास, तुमची एक संध्याकाळ वाया जाते. घरापासून इतक्या दूर आलेल्या मुलांना खोटी आशा लावू नये, असं मला मनापासून वाटतं. पहिल्याच फोनवर सांगा: 'आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलायचा नाही, अभ्यास नको, पाहुणे म्हणून जेवायला या.' त्यांना याचं वाईट वाटत नाही. जेवणाला ते तरीही येतात.

शनिवारी साडेपाच ते साडेसहा सांगा, म्हणजे पुढच्या भेटी त्यांना करता येतात. इमारतीत सायकली कुठे लावायच्या तेही कळवा. एदोगावात स्टेशनजवळ नको तिथे लावलेली सायकल उचलून नेतात, आणि सोडवायचा दंड त्यांच्या महिन्याच्या पैशांतून जातो.