तळ्यात घुसलेली जमीन आणि १०० फुटांचा नियम : सूट द्यावी की नाही?

काठावरची

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात आमच्या तळ्यावर सध्या एकाच अर्जाची चर्चा आहे. शेजाऱ्यांची जमीन जिभेसारखी पाण्यात शिरलेली, तिन्ही बाजूंनी तळं. राज्याने तळ्यांचे वर्ग पाडलेत, त्यात आमचं तळं ‘रिक्रिएशनल डेव्हलपमेंट’ वर्गातलं, त्यामुळे घर पाण्यापासून १०० फूट मागे हवं. आपल्याकडे सामासिक अंतर म्हणतात तसलाच प्रकार, फक्त इथे ते पाण्यापासून मोजतात. आता ही जमीन सगळ्यात रुंद जागी भरते १८० फूट. दोन्ही काठांपासून शंभर-शंभर सोडले की दोनशे होतात. म्हणजे नियमात बसणारी वीतभर जागासुद्धा तिथे नाही.

टोकाला १९५०च्या दशकातली केबिन आहे, पाण्यापासून जेमतेम ४० फुटांवर. ती पाडून त्यांना रुंद भागात, बरोबर मध्यावर, ४० फूट रुंदीचं घर बांधायचंय. दोन्हीकडे ७० फूट सुटतात. त्यासाठी व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागितलाय.

शनिवारी टेपचं एक टोक धरून मी स्वतः तिथे उभी होते. मोजायचं कुठून, इथूनच गोंधळ सुरू होतो. अंतर मोजतात ‘ऑर्डिनरी हाय वॉटर लेव्हल’पासून, आणि ती म्हणजे आज पाणी जिथे आहे ती रेषा नव्हे. पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडंझुडपं सुरू होतात, ती पातळी. सर्व्हेयरने गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकत नेल्या, तेव्हा एका बाजूला ती रेषा पाणकणसांच्या मागून चांगली आत वळलेली दिसली. शेजारच्या दोन घरांमध्ये दोरी धरून सरासरी अंतर काढायची एक पद्धत असते. सरळ काठावर ती चालते. इथे धरली तर दोरी पाण्यावरून जाते!

माझं मत स्पष्ट आहे. सूट द्यावी. किती फूट कमी पडतात हा इथे प्रश्नच नाही, कारण ते पडणारच आहेत. या जमिनीवर घर कुठे बसवलं तर तळ्याला सगळ्यात कमी त्रास होईल, एवढंच अर्जावर निर्णय घेणाऱ्या बोर्डाने बघावं.

मोजपट्टी

विरोध. जमीन घेताना नकाशा दिसत होता. टोकाची जमीन, तिन्हीकडून पाणी, हेच तर तिचं आकर्षण. आणि घर अजिबात होणार नाही असंही नाही. जुनी केबिन आहे त्याच मापात दुरुस्त करायला, अगदी नव्याने उभारायलाही कायदा परवानगी देतो. वाढवायला देत नाही. म्हणजे यांना घर हवंय असं नाही, मोठं घर हवंय. काठ वेडावाकडा आहे म्हणता, पण हिमनद्यांनी कोरलेल्या या राज्यात सरळ काठाचं तळं दाखवा एखादं.

अर्जंट_नाही

कायद्याची बाजू सांगतो, मग मत. मिनेटॉन्का शहराने एकाला गॅरेजवर मजला चढवायला सूट दिली, शेजारी कोर्टात गेला. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सूट दिल्याशिवाय जमिनीचा कसलाच वाजवी वापर शक्य नसेल तरच सूट द्या. त्या कसोटीवर जवळजवळ कुणीच टिकलं नसतं. म्हणून २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला. आता कसोटी ‘प्रत्यक्ष अडचणी’ची आहे. वापर वाजवी हवा, अडचण त्या जमिनीची स्वतःची हवी, मालकाने ओढवून घेतलेली नको, आणि परिसराचं रूप बिघडता कामा नये. नुसता पैशाचा प्रश्न ही अडचण धरत नाहीत.

जमिनीचा आकार मालकाने केलेला नाही. मोजपट्टी, ‘विकत घेताना दिसत होतं’ हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो धरला तर आकारामुळे कुणालाच सूट मिळायची नाही. मग ही तरतूद ठेवली कशाला? अर्जदाराची बाजू खरी आहे असं मला वाटतं.

कृष्णाकाठ

माझं माहेर सांगलीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरलं, ते उतरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ राहिली होती. आई ती रेघ पुसू देत नव्हती. निळी पूररेषा, लाल पूररेषा हे शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहेत, आणि त्या रेषांच्या आत उभ्या राहिलेल्या प्रत्येक घराला काही ना काही कारण होतं. कुणाची जमीन तिरकी, कुणाचं जुनं बांधकाम, कुणाची अडचण खरीच. एकेक बघितलं तर सगळे बरोबर असतात. सगळे मिळून नदीचा गळा आवळतात.

तुमच्या तळ्याला पूर येत नसेल, पण हिशोब तोच आहे. मी सूट देणार नाही.

काठावरची

कृष्णाकाठ, तुमचं वाचून थांबले. एकेक बघितलं तर सगळे बरोबर, यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पण इथे नकार दिला तर काय उरतं ते बघा. ४० फुटांवरची केबिन तिथेच नवी होऊन पुढची पन्नास वर्षं उभी राहते. छपरावरचं पाणी थेट उतारावरून तळ्यात. सूट दिली तर घर ३० फूट मागे सरकतं. नियम शब्दशः पाळून तळ्याचं नुकसान होत असेल तर मी नियमाच्या हेतूकडे बघणार.

सेप्टिकवाला_काका

अहो, तीस फुटांनी फार फरक पडत नाही, अटींनी पडतो. माझं निम्मं आयुष्य अशा जमिनींवर सेप्टिक बसवण्यात गेलं. तळ्याला मारतो तो फॉस्फरस. म्हणून तर इथे हिरवळीच्या खतातल्या फॉस्फरसवर २००५ पासून राज्यभर बंदी आहे. घर सत्तर फुटांवर असो की नव्वद, काठापर्यंत कातरलेली हिरवळ असेल तर पाणी घसरत तळ्यात जातंच.

मी बोर्डावर असतो तर सूट दिली असती, पण अशी : जुन्या केबिनचा पाया उखडायचा, ड्राइव्हवेचं डांबर कमी करायचं, काठाला निदान तीस फुटांचा पट्टा देशी झाडाझुडपांचा, आणि नवीन सेप्टिक ७५ फुटांच्या मागे. त्या जिभेवर ते जमिनीच्या मुळाशी, रस्त्याकडेच बसेल. तिथे ते बसत नसेल तर घराचं नावच काढू नका.

मोजपट्टी

काका, या अटी असतील तर मी विरोध मागे घेईन, एका दुरुस्तीसह. घर मागे सरकवा, पण क्षेत्रफळ केबिनच्या फार पुढे जाऊ देऊ नका. जमिनीचा आकार अडचणीचा आहे, तर घराचा आकारही त्या जमिनीला शोभेल एवढाच असावा.

कृष्णाकाठ

माझा नकार कायम. घर विकलं गेल्यावर ती झाडं कोण मोजणार?

काठावरची

व्हेरियन्सचा आदेश काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) रेकॉर्डरकडे, जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदला जातो, त्यामुळे अटी पुढच्या मालकालाही लागू राहतात. पण नोंद कागदावर राहते, झाडं काठावर असतात, हे तुमचं खरं आहे. गुरुवारी सुनावणी आहे. काकांच्या अटी मी लेखी देणार आहे, मोजपट्टींची क्षेत्रफळाची दुरुस्ती जोडून. शिवाय एक मागणी माझी : लागवडीनंतर दर तिसऱ्या वर्षी काउंटीने येऊन पट्टा बघावा आणि हे आदेशातच लिहावं. शेजाऱ्यांना आज संध्याकाळी हे आधी सांगून येते. ते रागावतील बहुतेक.