राजदूत 350 : डावा पाइप तापतो, उजवा कोमट राहतो

सायलेन्सर_सांगली:
माझी राजदूत 350 (दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल) यंदाच्या पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवली होती. बाहेर काढल्यापासून ती स्लोवर (रेस न देता) पाच मिनिटे चालली की इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या डाव्या बेंड पाइपजवळ हात नेववत नाही, उजवा मात्र जेमतेम कोमट होतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले तेव्हा डावीकडे 118 आणि उजवीकडे 57 अंश सेल्सिअस दिसले. रेस दिली की दोन्ही सिलिंडर चालतात, असे आवाजावरून वाटते. डावा प्लग विटकरी आहे, उजवा काळा आणि ओला. एका गॅरेजमध्ये उजवीकडे बोअर करावे (सिलिंडर आतून कापून मोठा करावा) लागेल असे सांगितले. त्याआधी काय तपासावे?

जुने_पिस्टन:
बोअरचा निर्णय तूर्त थांबवावा. सिलिंडर खरोखर झिजला असता तर रेस दिल्यावरही तो मागे पडला असता. उजव्या प्लगचा वास घेऊन पाहा. पेट्रोलचा वास आला तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. नुसते ऑइल असेल तर त्या बाजूला पेट्रोलच पुरेसे पोचत नाही, कारण या गाडीत ऑइल वेगळ्या पंपाने येते आणि सिलिंडर पेटो वा न पेटो, ते येतच राहते. नंतर दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी आणि पॉइंटचा (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप दोन्हीकडे 0.3 ते 0.4 मिलिमीटर आहे ना, ते पाहावे. एवढे करूनही थंडपणा उजवीकडेच राहिला, तर कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडावा.

आणखी एक, क्रोमच्या चकचकीत पृष्ठभागावर ते थर्मामीटर खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. दोन्ही पाइपांवर एकाच जागी उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्यावा आणि त्यावरच मोजावे.

टू_स्ट्रोक_सातारा:
वरील सल्ला योग्य आहे; पण सगळ्यांचे लक्ष थंड पाइपाकडे लागले आहे आणि मला काळजी डाव्याची वाटते. डावीकडे अल्टरनेटरमागचे क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) ऑइल सील कडक झाले असेल, तर तेथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (पेट्रोल कमी पडते) आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याचा शेवट पिस्टन जाम होण्यात होऊ शकतो. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, तर हायवेवर नेऊ नका.

सायलेन्सर_सांगली:
दोघांचेही मनापासून आभार. रेस सोडताच इंजिन व्यवस्थित खाली येते. प्लगला फक्त ऑइलचा वास होता आणि अदलाबदलीनंतरही उजवीकडेच थंड राहिले. उजव्या कार्बोरेटरचा स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) काढून उजेडाकडे धरला तेव्हा आरपार काहीच दिसेना; वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट थर आत घट्ट बसला होता. शिवाय गाडी स्लोवर बंद पडू नये म्हणून कोणीतरी डाव्या कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू बराच आवळून ठेवला होता, म्हणजे एकटा डावा सिलिंडर दोघांचे ओझे वाहत होता. जेट साफ केला आणि दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड (रेस दिल्यावर उचलणाऱ्या झडपा) एकाच क्षणी उचलतील अशी केबल जुळवली. आता काळ्या ठिपक्यांवर डावीकडे 163 आणि उजवीकडे 154 येते. उजव्या सायलेन्सरमधून मात्र अजून काळे ऑइल ठिबकते.

जुने_पिस्टन:
नऊ अंशांचा फरक सोडून द्यावा. ठिबकणारे ऑइल आतापर्यंत न जळता साठलेले आहे. सायलेन्सरमधला मागचा बॅफल (आवाज कमी करणारी नळी) ओढून काढावा, रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा आणि पूर्ण कोरडा करूनच परत बसवावा.