टूरिझमच्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंगमध्ये नक्की काय शिकवायचं?

नाशिकची_मॅडम
कॉलेजात प्रवास आणि पर्यटन शिकवते. ऑन जॉब ट्रेनिंगला आता 4 क्रेडिट आहेत, म्हणून जुलैत मुलं एका टूर कंपनीत पाठवली. डायऱ्या तपासल्या तर सगळीकडे तेच: बॅगांना टॅग लावले, जुन्या चौकशांना फोन केले, झेरॉक्स आणल्या. कंपनीवाले म्हणतात, "मॅडम, तुमच्या पोरांना काही येत नाही." पोरं म्हणतात, कुणी काही दाखवलंच नाही. हीच मुलं परीक्षेत बटलरचं पर्यटनस्थळाचं जीवनचक्र (ठिकाण कसं नावारूपाला येतं, भरतं आणि ओसरतं, त्याचा सिद्धांत) आकृतीसकट काढतात. पुढच्या वर्षी काय बदलू? धंद्यातल्यांनी सांगा.

टूरमॅनेजर_पुणे
जुलैत पाठवलीत तिथेच फसलं. जुलैत आम्ही मेच्या टूरचे हिशेब मिटवतो आणि दिवाळीच्या चौकशा घेतो, बस्स. माणूस कमी पडतो तो एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत, आणि विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमाराला. निम्मे तास दिवाळीच्या सुट्टीत टाका, निम्मे मेमध्ये.

दुसरं, 'मुलांना प्रशिक्षण द्यावे' असं मोघम पत्र देऊ नका. होऊन गेलेल्या एखाद्या युरोप टूरची फाइल मागा, नावं आणि पासपोर्ट नंबर खोडून. रूमिंग लिस्ट (कुठल्या खोलीत कोण), हॉटेलांची व्हाउचर, कोचचा म्हणजे टूरच्या बसचा कार्यक्रम, सगळं. मुलांना सांगा, यात बोंब कुठे होईल ते शोधा. तिकडे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं. रोजची विश्रांती 11 तासांची; ती 9 वर आणता येते, पण एका साप्ताहिक सुट्टीपासून पुढच्या सुट्टीपर्यंत तीनदाच. आता कार्यक्रमात सलग चार रात्री 'दहाला हॉटेलवर, सकाळी सातला प्रस्थान' लिहिलं असेल तर पाचव्या दिवशी सकाळी गाडी हलणार नाही. मागच्या सीटवरच्या काकूंनी कितीही आवाज चढवला तरी नाही, कारण गाडीतल्या यंत्रात मिनिटामिनिटाची नोंद असते. मग पासपोर्ट बघा: शेंगेनमधून (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) बाहेर पडल्यावर तो किमान 3 महिने चालू हवा. कुणाचा त्याआधी संपतोय का? ट्रिपल रूममध्ये नव्या जोडप्याबरोबर आत्याबाई तर टाकल्या नाहीत ना? (टाकतात हो.)

अशी एक फाइल वाचता आली की त्या पोराला मी टॅग लावायला बसवणार नाही. बटलर खुशाल शिकवा.

तारकर्लीकर
कोकणाचं कॅलेंडर आणखी वेगळं. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत स्कूबा, बोटी, सगळं बंद. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) डायव्हिंगची संस्था इथेच तारकर्लीत आहे. तिथे पोरांना पाण्यात उतरवूनच शिकवतात, म्हणून ती कामाला येतात. होमस्टेसाठी मात्र तयार माणूस मिळत नाही. मला ग्राहकाशी नम्रपणे बोलण्याचं सर्टिफिकेट नको. व्हॉट्सॲपवर 'रेट काय?' आलं की एकाच उत्तरात खोलीत माणसं किती, लहान मुलांचे पैसे, ॲडव्हान्स, रद्द केल्यास परतावा, जेवण वेगळं की धरून, हे सगळं लिहिणारा हवा. आणि ॲडव्हान्स आला की बुकिंगच्या ॲपवर तीच खोली त्याच मिनिटाला बंद करणारा. 31 डिसेंबरला एक खोली दोन कुटुंबांना गेली की आम्ही घरचे पडवीत झोपतो.

डोंबिवली_लोकल
मी ही ट्रेनिंग केलीय. डोंबिवली ते अंधेरी, पासही स्वतःचा, डबाही स्वतःचा. मॅडम, थोडं का होईना, स्टायपेंड ठरवून घ्या. पैसे मोजले की कंपनी काम करून घेते. फुकटातल्या पोराकडे कुणी बघत नाही.

नाशिकची_मॅडम
स्टायपेंडचं आमच्या प्राचार्यांच्या गळी उतरवते. फाइलचं लगेच करता येईल. पण मेचं कसं जमवायचं? शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षा संपली की आमची राहत नाहीत.

टूरमॅनेजर_पुणे
मग दुसरं वर्ष संपल्यावरच्या मेमध्ये पाठवा आणि गुण पुढच्या सत्रात धरता येतात का ते विद्यापीठाला विचारा. फाइल माझ्याकडून घ्या. इटली-स्वित्झर्लंडची आहे, घोळ भरपूर आहेत. मेसेज करा.